न मागितलेली यापा

बासिलिया सात वर्षांची होती तेव्हा बाजारात रसाच्या ओट्याखाली, पपयांच्या ढिगामागे बसून तिने एक भांडण ऐकलं होतं. दिसत काहीच नव्हतं. आईच्या घागऱ्याची कड आणि शेजारच्या सेनोबियाचे बूट, एवढंच. बूट आपटत होते.

"तो माझा कासेरो होता! अकरा वर्षं माझ्या हातचा रस पितोय. तू डोळे मोडून बोलावलंस त्याला!"

"डोळे मोडायला मला वेळ कुठाय गं?" आई म्हणाली. आईचं नाव एदुविहेस, आणि आवाज असा की टोकाच्या मटणवालीलाही ऐकू जावा. "तुझ्या रसात पाणी वाढलं, म्हणून उठून आला."

"पाणी? माझ्या रसात? तुझी यापा बघ आधी! माणसाला पाजतेस की चिमणीला?"

"तुझ्या एका पेल्यात जेवढा रस असतो ना, तेवढी माझी यापा असते!"

बूट थांबले. सगळा बाजार थांबला. मग सेनोबिया हळू आवाजात बोलली, आणि तेच वाईट झालं. ओरडून बोललेलं माणूस विसरतं.

"तुझा हात सुकेल, एदुविहेस. तुझ्या पोरीची पोर ज्या दिवशी या ओट्यावर बसेल, त्या दिवशी तिचं पहिलं गिऱ्हाईक यापा न घेता उठून जाईल. आणि एकदा ओटा सुकला की सुकला."

सुक्रे शहरात बाजाराच्या ओट्यावर यापेशिवाय पान हलत नाही. रसाचा एक पेला घ्यायचा, संपवायचा, आणि मग तो पुढे करून म्हणायचं, "यापिता, कासेरा." की भांड्यात राखलेला वरचा रस पेल्यात पडतो. विकणारीही कासेरा आणि नेहमीचं गिऱ्हाईकही कासेरा, पुरुष असला तर कासेरो. दोघं एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात, म्हणजे कोण कुणावर जगतं ते विचारायला नको. मागणं गिऱ्हाइकाचं काम, ओतणं रसवालीचं. न मागता ओतलं तर समोरच्याला उपाशी म्हटल्यासारखं होतं. मागूनही ओतलं नाही, तर त्या बाईने ओटा बंद करून शिवणकाम शिकावं.

भांडणानंतर एदुविहेस आणि सेनोबिया एकोणीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. ओटे मात्र शेजारी. काही सांगायचं असलं तर गिऱ्हाइकामार्फत. "त्या बाईला म्हणावं, तिची केळी माझ्या हद्दीत आली." "त्या बाईला म्हणावं, केळ्यांना डोळे नसतात." गिऱ्हाइकं बिचारी मधे बसून रस पीत आणि निरोप पोचवत.

एदुविहेस गेली त्या दिवशी सेनोबिया सगळ्यांच्या आधी आली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडली आणि कॉफीत साखर कमी आहे म्हणाली. पुढे सेनोबियाचे पाय गेले, ती घरी बसली. पहिल्याच संध्याकाळी बासिलिया किटलीत थोडा रस घेऊन तिला बघून यावं म्हणून गेली. नुसतं बघून यावं म्हणून. त्याला आता सहा वर्षं झाली, आणि एक संध्याकाळ चुकलेली नाही.

शाप मात्र बासिलियाच्या पोटात तसाच होता, गिळलेल्या बीसारखा.

आता तिचे गुडघेही बोलायला लागले होते. ओट्यावर चढायला लाकडाच्या तीन पायऱ्या; सकाळी ती त्या तीन देवांची नावं घेऊन चढायची. मुलगी एकच, मार्लेनी, सव्वीस वर्षांची. नोटरीच्या कचेरीत दिवसभर टाईप करायची आणि घरी येऊन बोटं मोडत बसायची. सांता क्रूसहून मावसबहीण बोलावत होती, तिथे अत्तर-पावडरीच्या दुकानात जागा होती.

"एक दिवस बसून बघते, आई," मार्लेनी म्हणाली होती. "जमलं तर जमलं. नाही तर शनिवारच्या बसने सांता क्रूस."

"आणि ओटा?"

"ओट्याला कुणीतरी मिळेल."

चार पिढ्यांचा ओटा, आणि त्याला कुणीतरी मिळेल! बासिलियाने त्या रात्री पपया निवडल्या त्या नवरी निवडावी तशा.

मे महिन्यातली, हिवाळ्याच्या तोंडावरची थंड, स्वच्छ सकाळ होती. मार्लेनी आजीचा पांढरा एप्रन बांधून वर बसली आणि खाली वाकून म्हणाली, "आई, तू इथे उभी राहू नकोस. तू बघतेस म्हणून माझा हात कापतो."

म्हणून बासिलिया पाववालीच्या टोपल्यामागे जाऊन उभी राहिली. तिथून बघत होती. हात कापायचं कारण नव्हतं, कारण मुलीला ती दिसत नव्हती.

साडेसातला पहिलं गिऱ्हाईक आलं, आणि ते नेमकं असलं आलं. ताडासारखा उंच, नाक उन्हाने सोललेलं, पाठीवर घराएवढी पिशवी आणि पिशवीला टांगलेला पत्र्याचा मग. चालताना मग ठणठण वाजत होता, गायीच्या गळ्यातल्या घंटेसारखा. ओळीतल्या सगळ्या रसवाल्या एकदम ओरडल्या: "इकडे ये, राजा!" "बस, माझ्या सोन्या!" "संत्रं देते, गाजर देते, जीव देते!" पोरगा गांगरला आणि जी एकटी ओरडत नव्हती तिच्यासमोर बसला. मार्लेनीसमोर. तो बसल्याबरोबर बाकीच्या गप्प झाल्या. बसलेल्याला बोलवायचं नसतं, तेवढं त्या भांडणापासून बाजार शिकला होता.

मार्लेनीने पपई आणि दूध फिरवलं, पेला भरला. पोराने तीन घोटांत संपवला. वरच्या ओठावर केशरी मिशी उमटली. पैसे दिले, मार्लेनीने पहिलं नाणं कपाळाला लावून एप्रनच्या खिशात टाकलं. मग तिने भांडं उचललं. आत पेलाभर रस राखलेला. आणि ती थांबली. मागायची वाट बघत.

पोरगा हसला. चार वेळा आभार मानले. पिशवी खांद्यावर चढवली आणि ठणठण करत निघून गेला.

मार्लेनी भांडं धरून तशीच, फोटोला उभी राहिल्यासारखी. ओळीतली एक बाई "अगंबाई" म्हणाली, बाकीच्यांनी फळं पुसायला घेतली.

टोपल्यामागून बासिलिया बाहेर पडली. मग ती धावली.

"मागितली नाही त्याने, आई!"

"मग हाक मारायची!"

"तूच शिकवलंस, हाक मारायची नाही. समोरच्याला लाज वाटते."

"त्याला कसली लाज? अर्धी चड्डी घालून फिरतोय!"

शापाचं तिने मुलीला कधी सांगितलं नव्हतं, आणि आज तो दिवस नव्हता. तिने भांड्यातला रस किटलीत ओतला, झाकण लावलं, पोराने प्यायलेला पेला विसळून खिशात घातला.

"कुठे निघालीस?"

"त्याची यापा त्याला द्यायला."

"आई, तो दिवसभर गाव हिंडेल!"

"हिंडू दे. गाव कुठे जातंय?"

चौकात झेब्रा उभा होता. म्हणजे बासिलियाच्या शेजारणीची सून, झेब्र्याचा पोशाख घालून, लोकांना रस्ता ओलांडून देत होती. सरकारी काम.

"उंच पोरगा पाहिलास? ठणठण वाजणारा?"

"पाहिला म्हणजे काय, काकू!" झेब्र्याने मुखवटा वर करून श्वास घेतला. "तीनदा रस्ता ओलांडला. कामासाठी नाही, माझ्याबरोबर ओलांडायला मिळतं म्हणून. चौथ्यांदा मीच म्हटलं, बाबा, मला दुसरीही माणसं आहेत. मग म्हणाला भूक लागली. आइदेच्या दुकानाकडे लावून दिला."

आइदेच्या दुकानात सालतेन्यांचा वास दरवाजाबाहेरपर्यंत आला होता आणि आइदे स्वतः गल्ल्यावर डोकं ठेवून हसत होती.

"बासिलिया, तू असायला हवं होतंस! मधोमध चावला गं! मधोमध!"

आता, आत गरम रस्सा भरलेली, करंजीसारखी भाजलेली सालतेन्या सरळ उभी धरायची, टोकाला जरासं चावायचं, रस्सा ओढून घ्यायचा आणि मग खाली उतरायचं, हे इथल्या तान्ह्या पोरालाही कळतं. मधे चावणारं माणूस दुकानाने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"रस्सा कोपरापर्यंत," आइदे म्हणाली. "तिथून बुटात. सगळं दुकान टाळ्या वाजवायला लागलं, तर हा उठून वाकून नमस्कार करतोय! मग त्या कोपऱ्यातल्या वकीलसाहेबांनी त्याला शिकवलं. चार खाल्ल्या. चौथी एक थेंब न सांडता."

"आणि गेला कुठे?"

"मठाच्या गच्चीवर. पण तुला काय करायचंय? काही चोरलं का त्याने?"

"चोरलं असतं तर बरं झालं असतं," बासिलिया म्हणाली. "माझं ठेवून गेलाय."

मठाच्या गच्चीला ब्याण्णव पायऱ्या आहेत. शेवटचं ती तिथे मुलीच्या चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या वेळी चढली होती, आणि तेव्हा गुडघे नवे होते. दाराशी बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईने तिला किटलीसकट वर जाताना पाहिलं आणि हातातलं विणकाम खाली ठेवून आदराने विचारलं.

"दोन्या बासिलिया, वर कुणी आजारी आहे का?"

"नाही. कुणी तहानलेलं आहे."

वर गेली तर पोरगा नव्हताच. गच्ची झाडणाऱ्या बाईने सांगितलं की तो तासभर कौलांच्या कडेला उताणा पडला होता, मांजरासारखा. घंटेला हात लावू का म्हणून विचारलं, लावू नको म्हटल्यावर नुसताच तिच्याशेजारी उभा राहिला, आणि आत्ताच दुसऱ्या जिन्याने उतरला. बासिलिया कठड्याला टेकली. खाली सगळं गाव पांढरंशुभ्र, नुकतंच चुना दिलेलं, कौलं तेवढी तांबडी. वाळत घातलेले कपडेसुद्धा भिंतींपुढे मळके दिसत होते. तिने किटलीचं झाकण उघडून वास घेतला. पपई आणि दूध दुपारपर्यंतच माणसात असतात. मग एकमेकांवर चिडतात आणि कडू होतात. अजून चिडली नव्हती, पण तोंड वळवून बसली होती.

तेवढ्यात टेकडीच्या चढावर काहीतरी चमकलं. पत्र्याचा मग! आणि मगापाठोपाठ ती पिशवी, रेकोलेता या माथ्यावरच्या मठाच्या कमानींच्या दिशेने, अशी सावकाश की जणू टेकडीलाच कुणी पाय लावलेत.

"देवा," बासिलिया म्हणाली, "सपाट जागेवर हिंडणारा का नाही पाठवलास?"

चढावर ती चार वेळा थांबली. पहिल्यांदा गुडघ्यांसाठी, दुसऱ्यांदा एका ओळखीच्या बाईने तिच्या सुनेची सगळी हकिकत सांगितली म्हणून, तिसऱ्यांदा परत गुडघ्यांसाठी. चौथ्यांदा ती उगीच थांबली. मागे वळून पाहिलं तर गाव इतकं छान दिसत होतं, आणि तिला आठवेना की कामाच्या दिवशी, भर दुपारी, ती शेवटची अशी रिकामी कधी फिरली होती. रसवालीला गाव म्हणजे ओटा आणि घर, मधली एक गल्ली. चाळीस वर्षांत त्या पोराने एका सकाळीत पाहिलं तेवढं तिने पाहिलं नव्हतं.

तो कमानीखाली बसला होता, बूट काढून, पाय खाली सोडून. रस्सा उडालेला मोजा बाजूला वाळत घातलेला. बासिलिया त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली, दम घेतला, किटली मांडीवर ठेवली. खिशातून पेला काढून दोघांच्या मधे ठेवला.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता काय?

ओतायची नाही. तो मागेपर्यंत ओतायची नाही. न मागता दिलेली यापा ही यापा नव्हेच, ती भीक झाली, आणि भिकेने शाप उतरत नाही. एवढं गाव पालथं घालून ती परत तिथेच आली होती जिथे सकाळी मार्लेनी उभी होती.

पोराने तिच्याकडे बघून "शुभ दुपार" केलं. पेला मधे आहे हे पाहून त्याने तो अदबीने तिच्या बाजूला सरकवला, आजीबाईंना जागा हवी असेल म्हणून.

बासिलियाने पेला परत मधे ठेवला.

त्याला वाटलं असावं, आजीबाईंना भूक लागली आहे. त्याने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. तिने एक घेतलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. दोघं बिस्किटं खात गावाकडे बघत बसली. बिस्किट चांगलं होतं. सूर्य सरकत होता आणि किटलीतली पपई चिडत होती.

कमानीच्या टोकाला फुललेला मका विकणारी बाई बसली होती. तिच्याकडे एक जाडजूड बाई आली, पिशवी भरून घेतली, पैसे दिले. आणि जायचं सोडून तिने दोन्ही हातांनी आपला एप्रन पसरला.

"यापिता, कासेरा!"

मकेवालीने ओंजळभर मका टाकला.

"अगं, एवढीच? मी काय कोंबडी आहे?"

"कोंबडी बरी, अंडी तरी देते!" असं म्हणत मकेवालीने दुसरी ओंजळ टाकली, आणि दोघी खिदळल्या.

पोरगाही हसला. मग त्याचं हसू मधेच थांबलं. त्याने मकेवालीकडे पाहिलं. एप्रनकडे पाहिलं. मग पेल्याकडे, जाड काचेचा, कडेला निळी रेघ आणि एक टवका उडालेला, सकाळी ओठाला लागला असेल तो टवका. मग किटलीकडे. मग बासिलियाकडे, तिच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे.

"तुम्ही... बाजारपासून?" मोडक्यातोडक्या भाषेत त्याने विचारलं. "चालत? हे... माझं?"

बासिलिया काही बोलली नाही. बोलायचं नव्हतंच. पण इतकी वर्षं ओट्यावरून बोलणाऱ्या बाईला गप्प बसणं किती जड गेलं ते तिचं तिलाच माहीत. तिने फक्त भुवया वर केल्या.

पोराने पेल्याला हात घातला, थांबला, आणि मग पिशवीचा पत्र्याचा मग सोडवला. त्याला वाटलं असावं, मग मोठा आहे. तो दोन्ही हातांत धरून, जाडजूड बाईने एप्रन धरला होता तसा, त्याने पुढे केला.

"यापिता, कासेरा."

मकेवालीने टाळी वाजवली. जाडजूड बाई "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणाली. बासिलियाने किटली वाकवली आणि शेवटच्या थेंबाच्या आधीपर्यंत ओतलं, आणि ओतताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते चढाचं असावं.

तो प्यायला. चेहरा आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे. पपई पार बिनसली होती. पण सगळा मग त्याने संपवला, ओठ पुसले, म्हणाला, "छान!" आणि मग परत पुढे केला.

"यापिता?"

"यापेवर यापा!" बासिलिया इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. "अरे, हा तर इथलाच निघाला!" राहिलेला थेंब, किटली उलटी करून, तिने मगात पाडला. "नाव काय तुझं?"

"योरिस."

"कुठला?"

"हॉलंड. तिकडे सगळं..." त्याने हात आडवा फिरवला. "सपाट."

"तरीच. गुडघे चांगले आहेत."

उतरताना तोच तिला हात देऊन खाली घेऊन आला, आणि चौकात झेब्र्याने दोघांना एकदम रस्ता ओलांडून दिला.

बाजारात पोचली तर ओटा रिकामा. पपई नाही, संत्रं नाही, तळाशी दोन वाकडी केळी आणि त्यांच्याशेजारी मार्लेनी, बाह्या कोपरापर्यंत वर, केस सुटलेले, गाल लाल.

"फळं कुठे गेली?"

"विकली."

"सगळी?"

"पपई तर अकरालाच संपली. मग संत्रं, मग अननस. दोन्या सेनोबियांचा तेवढा राखून ठेवलाय, बघ." तिने झाकलेलं भांडं दाखवलं. "आई, रागावू नकोस. तो पोरगा गेला ना, मी विचार केला, त्याने मागितली नाही म्हणून यापा राहून गेली. मग कुणाला मागायलाच कशाला लावायचं? पेल्याचा तळ दिसला की मी ओतत गेले."

"न मागता?"

"न मागता."

"कुणी रागावलं नाही?"

"ओळीतल्या बायका रागावल्या. म्हणाल्या, एदुविहेसची नात रीत बुडवायला बसली. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत. परत आली, दोनदा."

बासिलियाने तोंड उघडलं. चार पिढ्या तिच्या जिभेवर आल्या. मग तिला आठवलं की अकराला पपई संपली तेव्हा ती मठाच्या जिन्यावर होती आणि यापा किटलीत. म्हणजे शाप उतरायच्या आधीच ओटा भरभरून चालला होता. ब्याण्णव पायऱ्या आणि एक अख्खी टेकडी! तिने तोंड मिटलं. हे गुडघ्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

"तुला सापडला का तो?" मार्लेनीने विचारलं.

"सापडला. उद्या येणार आहे. पेला नको म्हणतो, आपला पत्र्याचा मग आणतो म्हणाला."

"मग पपई जास्त घ्यायला हवी. फळांचा ट्रक किती वाजता येतो?"

"पाचला."

"मला साडेचारला उठव."

बासिलियाने किटली विसळायला घेतली. पाण्याचा आवाज मोठा होता, म्हणून तिने जरा मोठ्याने विचारलं. "आणि शनिवारची बस?"

"बस काय, दर शनिवारी असते," मार्लेनी म्हणाली आणि केळी पुसू लागली.

दिवस कलला तशी बासिलिया राखलेला अननसाचा रस किटलीत घेऊन बाजारामागच्या गल्लीत गेली. दुसरा चौक, निळं दार. सेनोबिया खिडकीशी खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी.

"उशीर केलास. मेले असते तर?"

"तर मी प्यायले असते. जा, मरा आणि बघा."

"चढाचा वास येतोय तुला. कुठे हिंडत होतीस?"

"गावात. चांगलं आहे गाव, तुम्हाला माहीत आहे का?" बासिलियाने पेला भरून दिला, आणि इतक्या वर्षांत विचारलं नाही ते विचारलं. "दोन्या सेनोबिया, माझ्या आईशी झालेलं ते भांडण आठवतं?"

"कुठलं? तुझ्या आईशी माझी सव्वीस भांडणं झाली."

"शाप दिला होता तुम्ही. ओटा सुकेल म्हणून."

सेनोबियाने कपाळाला आठ्या घालून विचार केला. "मी? असेल. त्या वर्षी माझी दाढ दुखत होती. पाववालीलाही दिला होता, आणि पाव तर काय वाईट फुगत नाही तिचा." तिने घोट घेतला. "पोर कशी बसली आज?"

"न मागताच ओतते. सगळ्यांना."

सेनोबियाने पेला मांडीवर टेकवला. मग तिचे खांदे हलायला लागले. "एदुविहेस असती ना," ती हसता हसता म्हणाली, "तर ओट्यावरून पडली असती!"

दोघी हसल्या. पेला संपला. बासिलियाच्या हातातली किटली, आज दिवसभराच्या सवयीने की मुलीचं ऐकून, आपोआप वाकली.

सेनोबियाने पेला मागे ओढला.

"थांब. मागू तर दे."

किटली सरळ झाली. म्हातारीने घोंगडी नीट केली, पाठ ताठ केली, आणि पेला पुढे धरला.

"यापिता, कासेरा."

बासिलियाने ओतलं.